पावकी, मोडी आणि कर्जरोखा

इंग्रजी राज्य आले त्या सुमारास मराठी मुलखातले सात-आठ वर्षांचे मूल, ते शाळेत जाणारे असेल तर, कागदावर बेरीज मांडायला शिकण्याआधीच अपूर्णांकांचा गुणाकार तोंडी करू लागलेले असे. मी प्राथमिक शाळेत गणित शिकवते, आणि पाऊण गुणिले तीन हे उदाहरण फळ्यावर लिहिल्यावर दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या चेहऱ्यांवर जे काहूर उठते ते मला रोजचे आहे. म्हणूनच जुन्या पंतोजींच्या शाळेला 'घोकंपट्टी' या एका शब्दात निकालात काढणे मला कधी पटले नाही. त्या शाळेत पुष्कळ वाईट होते, आणि त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण तिथे कोणते गणित शिकवले जात होते आणि ते कशासाठी, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

शाळा भरे ती कोणाच्या ओसरीवर, देवळात किंवा धर्मशाळेत. दसऱ्याला पाटीपूजन होऊन मुलाच्या शिक्षणाला प्रारंभ होई. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि काडीने किंवा बोटाने तिच्यावर अक्षर गिरवायचे, ही झाली धुळाक्षरे. हात बसला की बोरू आणि शाई. मूळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे असा क्रम असे आणि लिहिण्याबरोबर म्हणणेही चाले. थोरल्या मुलाने सांगायचे व धाकट्यांनी एका सुरात मागे म्हणायचे. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा. त्यात पाढे असत, तिथी-नक्षत्रे असत, श्लोक असत, आणि पूर्णांकांचे पाढे संपले की अपूर्णांकांचे सुरू होत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. 'बे दुणे चार' ज्या सहजतेने तोंडात बसे त्याच सहजतेने 'तीन पाऊणे सव्वादोन' बसे. लिहितानाही अपूर्णांकाला अंशछेदांची उतरंड लागत नसे. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आकड्यापुढे ती चिन्हे आली की ४॥ म्हणजे साडेचार हे लहान मुलालाही दिसे.

हे पाढे कोणी हौसेने रचलेले नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. पाव रुपया म्हणजे पावली, अर्धा म्हणजे अधेली. शेराचा अर्धा अच्छेर, त्याचा अर्धा पावशेर, त्याचा अर्धा नवटाक. चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी. सारा व्यवहार अर्ध्याचे अर्धे करीत खाली उतरणारा होता, त्यामुळे ज्याला पावकी-निमकी येत नाही त्याला बाजारात उभे राहणेच कठीण. तीन आणे शेराची वस्तू पाऊण शेर घेतली तर सव्वादोन आणे, म्हणजे दोन आणे एक पैसा, हे उत्तर वाण्याच्या तोंडून येण्याआधी गिऱ्हाइकाच्या मनात यायला हवे असे. दशांश चिन्हाच्या सवयीने वाढलेल्या आपल्याला ही रचना अडगळीची वाटते. पण ती पद्धत जगणाऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर त्या काळच्या नाण्यांना आणि मापांना इतकी चपखल बसणारी दुसरी शिकवण्याची रीत मला सुचत नाही.

परक्यांच्याही ते लक्षात आले होते. मुंबई गव्हर्नरच्या कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांनी १८२१ साली लिहून ठेवले आहे की, आपल्या मुलखात क्वचितच असे खेडे असेल जिथे एकही शाळा नाही. मूठ-दोन मूठ धान्यापासून महिना रुपयापर्यंत ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे शिक्षकाला मोबदला मिळतो. आणि ही रीत इतकी साधी व परिणामकारक आहे की, क्वचितच एखादा शेतकरी किंवा किरकोळ दुकानदार असा निघेल ज्याला आपला हिशेब स्वतः ठेवता येत नाही. इंग्लंडातल्या खालच्या वर्गाला असा चोख हिशेब जमत नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आहे. हे विधान आपल्याकडे फार अभिमानाने उद्धृत केले जाते. मीही ते अभिमानानेच वाचले होते. परंतु त्यातल्या 'शेतकरी' या शब्दापाशी मी आता थांबते, कारण त्यानंतर अवघ्या चोपन्न वर्षांनी याच मुलखातल्या शेतकऱ्यांनी जे केले त्याच्याशी हे विधान जुळत नाही. त्याकडे येण्याआधी नवी शाळा कशी आली ते सांगायला हवे.

नव्या शाळेची एक गोष्ट मला विशेष विलक्षण वाटते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा होती आणि अँड्र्यू बेल नावाचे पाद्री तिची व्यवस्था पाहत. त्यांनी एका मलबारी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. थोरल्या मुलांकरवी धाकट्यांना शिकवायची पद्धतही तिथेच बसवली. १७९७ साली लंडनला जाऊन त्यांनी या प्रयोगाचे वर्णन छापले. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने लंडनच्या बरो रोडवर गरिबांच्या मुलांसाठी याच धर्तीची शाळा काढली, आणि वाळूच्या तबकांवर इंग्रज मुले एबीसी गिरवू लागली. १८२२ साली मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी सोसायटी स्थापन झाली, आणि पुढे तिच्या शाळांसाठी शिक्षक तयार करताना लँकेस्टरची पद्धत आदर्श म्हणून समोर ठेवली गेली. आमच्या ओसरीवरून गेलेली धूळ लंडनची हवा खाऊन नवे नाव घेऊन परत आली. ज्या पंतोजीला मागासलेला ठरवले जात होते त्याच्याच पठडीतली ही वस्तू होती, हे त्या वेळी किती जणांना जाणवले असेल?

मात्र नव्या शाळेने एक गोष्ट खरोखरच नवी आणली, आणि ती म्हणजे छापील पुस्तक व त्याच्या मागून येणारे शुद्धलेखन. पंतोजींच्या शाळेत लिहिण्याची लिपी मुख्यतः मोडी होती. मोडीत ह्रस्व आणि दीर्घ वेलांटीचा भेद पाळला जात नाही, उकाराचाही नाही; हात न उचलता भराभर लिहायची ती लिपी, आणि वाचणाऱ्याने संदर्भाने शब्द ओळखायचा. ज्या मुलाने 'पाणि' लिहिले की 'पाणी' हा प्रश्नच उद्भवत नाही त्याच्या मनात शुद्ध-अशुद्धाची भीती कशी असणार? पण छापखान्याला मोडी सोयीची नव्हती. सरकारी पुस्तके बाळबोधात, म्हणजे देवनागरी लिपीत, निघू लागली. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ साली आला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले, आणि शाळाखात्याच्या मराठी पुस्तकांवर मेजर कँडी यांची करडी नजर दीर्घकाळ राहिली. शब्द कसा लिहायचा हे आता ठरलेले असू लागले, आणि जे ठरलेले आहे ते चुकता येते.

मुलांवर पडलेले हे ओझे लहान नव्हते. ह्रस्वदीर्घाचे नियम संस्कृतावर आधारलेले. ज्याच्या घरात संस्कृताचा उच्चार कानावर पडतो त्याला ते थोडे सोपे जात. त्याशिवाय न उच्चारले जाणारे अनुस्वार असत. नांव, गांव, घरांत, कां या शब्दांवरचे टिंब कानाला ऐकू येत नाही, ते केवळ लक्षात ठेवायचे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी ती टिंबे गेली, तोवर किती पिढ्यांतल्या मुलांनी त्यांच्यापायी छड्या खाल्ल्या असतील याचा विचार मनात आला की मला फार वाईट वाटते. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी साहेब, गावात येणार म्हटले की मास्तरांची झोप उडे, आणि श्रुतलेखनातल्या चुका मोजल्या जात. ज्या मुलाच्या घरची बोली पुस्तकापासून जितकी दूर, तितक्या त्याच्या चुका अधिक. अहिराणी बोलणारे, मालवणी बोलणारे किंवा झाडीबोली बोलणारे मूल पाटीवर जे ऐकू येते ते लिही आणि अशुद्ध ठरे. प्रमाणलेखन नकोच, असे मी म्हणणार नाही. छापील मराठीने आपल्याला एकमेकांशी जोडले, आणि मी स्वतः वर्गात ह्रस्वदीर्घाचा आग्रह धरते. पण लिहिता येणे आणि शुद्ध लिहिता येणे यांतले अंतर शाळेने इतके वाढवले की पुष्कळ मुले पहिल्या पायरीवरूनच परत गेली.

आता त्या 'शेतकऱ्या'कडे येते.

आमच्या घरी एक जुने गहाणखत आहे. काही वर्षांपूर्वी मी मोडी शिकले ती केवळ तो एक कागद वाचण्यासाठी. जमीन माझ्या आजोबांच्या आजोबांची. खताचा मजकूर सराईत हाताचा, वळणदार. शेवटी 'बिकलम' म्हणून लिहिणाऱ्याचे नाव. आणि जिथे माझ्या पूर्वजाची सही असायला हवी तिथे काही वाकड्या रेघांनी काढलेला एक लहानसा नांगर. त्या काळी लिहिता न येणारा कुणबी रोख्यावर अशीच नांगराची निशाणी करीत असे. मोडी वाचता येऊ लागल्यावर त्या खतातला व्याजाचा दर मी वाचला: रुपयाला दरमहा दोन पैसे. साठ रुपये मुद्दल. दोन पैसे म्हणजे अर्धा आणा. साठ निमे तीस. महिन्याला तीस आणे, म्हणजे रुपया चौदा आणे. वर्षाला साडेबावीस रुपये. निमकी पाठ असलेल्या आठ वर्षांच्या मुलाने हे चालता चालता सांगितले असते. ज्याने नांगर काढला त्याला हे कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितलेले खरे की खोटे हे ताडून पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. सावकाराजवळ मात्र मोडीही होती आणि निमकीही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव केव्हाच कोसळले होते, सारावाढ झाली होती आणि कर्जे तुंबली होती. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. नंतर नेमलेल्या चौकशी मंडळाने नोंदवलेली गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: लोकांना हवे होते ते कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे. ते हाती आले की त्यांची होळी केली जाई. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. जे वाचता येत नाही ते जाळणे एवढेच ज्यांच्या हाती उरले होते, ती माणसे प्रेंडरगास्ट यांच्या हिशेबी शेतकऱ्यांची नातवंडे-पतवंडे असू शकतील का? मला वाटते, गावात शाळा असणे आणि गावातले मूल त्या शाळेत असणे या दोन गोष्टी त्यांनी एकच धरल्या. ओसरीवर बसणारी मुले ब्राह्मणांची, वाण्यांची, सोनारांची, काही थोड्या बऱ्या स्थितीतल्या कुणब्यांची. मुली जवळजवळ नाहीतच. महार-मांगांच्या मुलांना ओसरीच्या पायरीलाही शिवता येत नसे.

नव्या सरकारी शाळेने तरी हे दार उघडले का? मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेबांनी १८२० च्या दशकातल्या आपल्या टिपणात लिहिले आहे की, सर्वांत खालच्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात असा मिशनऱ्यांचा अनुभव आहे, तरीही त्यांना खास उत्तेजन देताना आपण जपून असावे. म्हणजे गुणवत्ता दिसत होती आणि तरीही दार लोटून ठेवले गेले. १८५६ साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. सरकारने सहानुभूतीचे शब्द वापरले, पण एकासाठी बाकीच्यांना दुखवायचे कसे, या भूमिकेवर ते राहिले. आणि याच शाळांसाठी शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड कुणब्याकडून वसूल होत असे, ज्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे जाई. ज्याच्या आण्यावर शाळा चाले त्याचे मूल गुरांमागे असे.

हे सारे एकत्र पाहणारा आणि त्यावर नेमके बोलणारा माणूस म्हणजे जोतीराव फुले. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढण्यापासून, सावित्रीबाईंनी तिथे अक्षरे गिरवून घेण्यापासून, दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवण्यापर्यंतचा त्यांचा अनुभव मोठा होता. १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख असलेले त्यांचे निवेदन सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे गेले. ते वाचताना माझ्यातली शिक्षिका प्रत्येक ओळीला थांबते. पंतोजींच्या शाळांबद्दल ते स्पष्ट सांगतात की तिथे पाढ्यांची घोकणी, थोडे मोडी लिहिणे-वाचणे आणि काही धार्मिक पद्ये एवढेच होते. आणि तरीही स्वतः अभ्यासक्रम सुचवताना ते पहिल्याच ओळीत काय मागतात? मोडी आणि बाळबोध या दोन्ही लिप्यांत वाचन-लेखन, आणि हिशेब. त्यानंतर इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य.

मोडीचा हा आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो. छापील पुस्तक बाळबोधात होते, परीक्षा बाळबोधाची होती. परंतु रोखा मोडीत होता, सावकाराची वही मोडीत होती, कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत होते. कुणब्याच्या मुलाला केवळ बाळबोध शिकवले तर तो क्रमिक पुस्तकातली गोष्ट वाचील आणि बापाच्या जमिनीचा कागद तसाच पेटीत राहील. जोतीरावांना अक्षर हवे होते ते कागदापाशी नेणारे, आणि गणित हवे होते ते व्याज मोजणारे. १८७९ च्या दक्षिण शेतकरी कायद्याने असे ठरवले होते की शेतकऱ्याने करून द्यायचे दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावेत, आणि पैसे फेडल्याची पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क ऋणकोला असावा. कायदा चांगला होता. पण हातात आलेली पावती वाचायची कोणी?

त्याचे उत्तर त्याच निवेदनात आहे. शिक्षक शेतकरी वर्गातून निवडून, शिकवून तयार केलेले असावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्यांना कमीपणा वाटू नये, असे जोतीराव म्हणतात. त्यांना महिना निदान बारा रुपये आणि मोठ्या गावांत पंधरा-वीस रुपये पगार असावा. आणि मग ते जे सुचवतात ते मला कोणत्याही शिक्षण-अहवालात पुन्हा आढळलेले नाही: या शिक्षकाला गावच्या हिशेबांचा तपासनीस, दस्तांचा नोंदणी अधिकारी, पोस्टमास्तर किंवा स्टँप विक्रेता यांपैकी कामही द्यावे, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल. ज्याने सकाळी मुलाकडून निमकी म्हणवून घेतली त्याच्यासमोरच संध्याकाळी त्या मुलाच्या बापाचा रोखा व्हावा! वर्गातला पाढा आणि चावडीवरचा कागद यांच्यामध्ये एकच माणूस उभा करायचा, ही कल्पना इतकी व्यवहारी आणि इतकी धीट आहे की ती स्वीकारली गेली नाही याचे आश्चर्य वाटत नाही, दुःख मात्र होते. बारा वर्षांपर्यंत तरी शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणीही तशीच पडून राहिली. बडोद्याला सयाजीरावांनी १९०६ साली आणि कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे शिक्षण आणले. इंग्रजी मुलखात गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मात्र फेटाळले गेले.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, मागोमाग किलो आणि लिटर आले, आणि पावकी-औटकीचा पाया निघून गेला. शाळांतून मोडीही गेली. त्याबद्दल मी हळहळत बसणार नाही, कारण ते पाढे त्या मापांसाठी होते आणि ती मापे आता नाहीत. मी वर्गात निमकी शिकवते, पण ती पाठांतराच्या स्पर्धेसाठी नव्हे. मुलांनी घरातला एखादा हिशेबाचा कागद आणावा असा माझ्या वर्गाचा परिपाठ आहे: विजेचे बिल, दूध डेअरीची पावती, खताच्या दुकानाची उधारीची चिठ्ठी. एका मुलीने आईच्या बचत गटाची वही आणली. गटातल्या साऱ्या बाया 'दोन टक्के' म्हणत. ते दरमहा शेकडा दोन आहे आणि म्हणून वर्षाला चोवीस होते, हे मुलांनी पाटीवर काढले, मग बँकेच्या दराशी ताडून पाहिले आणि बराच वेळ वाद घातला. त्या वहीत मुद्दल आणि व्याज एकाच रकान्यात लिहिलेले होते, त्यामुळे कर्जाची किती फेड झाली हे कोणालाच सांगता येत नव्हते. मुलांनी दोन रकाने आखून मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी पुन्हा उतरवून दिल्या. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, त्या मी दुरुस्त करून घेतल्या, आणि पुढच्या बैठकीपासून गटाने ती नवी वही वापरायला घेतली.